सार्वजनिक पैसा आणि विज्ञान : बुश-अहवालाची एक चिकित्सा

शासनाने विज्ञानावर पैसा का खर्च करावा, या प्रश्नाची चर्चा व्हॅनेव्हर बुश यांच्या ‘सायन्स : दि एन्डलेस फ्रंटियर’ या अहवालाशिवाय पुढे जात नाही. जुलै १९४५ मध्ये तो अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांना सादर झाला. मूलभूत संशोधन हे राष्ट्राचे भांडवल आहे. ते शासनाने पुरवावे, परंतु संशोधनाची दिशा शास्त्रज्ञांनी ठरवावी, हे त्याचे सार होय. ‘फ्रंटियर’ हा शब्दही बोलका आहे. सीमाभागातील मराठी वाचकाला सीमा म्हटले की तंटा आठवतो; बुश यांना मात्र ती मोकळी, कोणीही जाऊन वसावे अशी भूमी वाटते. त्या भूमीवर पूर्वीपासून कोण राहत होते, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

अहवालाचा आवडता दाखला पेनिसिलिनचा. तो काळजीपूर्वक तपासला पाहिजे. फ्लेमिंग यांचा शोध १९२८ चा. औषध रुग्णांपर्यंत मुबलक प्रमाणात पोहोचले ते १९४१ नंतर, जेव्हा इलिनॉयमधील पिओरिया येथील शासकीय कृषी प्रयोगशाळेने मक्याच्या प्रक्रियेतून उरणारा द्रव वापरून उत्पादन वाढविले आणि औषध कंपन्या कामाला लागल्या. म्हणजे केवळ कुतूहलाने हे घडले नाही. गरज ओळखून शासनाने लावलेले श्रमही त्यात होते. बुश यांचा दाखला त्यांच्याच सिद्धान्ताला पुरेसा पेलत नाही.

सिनेटर किल्गोर यांचा आग्रह वेगळा होता. जनतेच्या पैशातून निघालेल्या पेटंटची मालकी जनतेची असावी, निधी सर्व प्रांतांत वाटला जावा. बुश यांच्या मते शासनाला स्वतःच्या कामापुरता विनामूल्य परवाना मिळाला की सार्वजनिक हित बहुधा राखले जाते. हे ‘बहुधा’ फार स्वस्तात सुटले! १९४७ चे विधेयक ट्रुमन यांनी नाकारले, कारण खर्चाचा जाब देणारा अधिकारी त्यात अध्यक्षांच्या हाताखाली नव्हता. १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झाले, त्याचा संचालक अध्यक्षांनी नेमायचा ठरला. निधी मोजक्याच राज्यांत साचतो म्हणून १९७८ मध्ये वेगळी योजना काढावी लागली. किल्गोर तेव्हा हयात नव्हते.

भारतात २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट, त्यातील मोठा वाटा शासनाबाहेरून अपेक्षित. पैसा उद्योगाचा असेल तर विषय कोण निवडणार, आणि प्रयोगशाळेचे साहित्यही धड नसलेल्या महाविद्यालयाचा अर्ज कोणत्या निकषावर तोलला जाणार?