नौकेचा जमाखर्च

समुद्रप्रवासाचे पुस्तक हाती आले की आपण बहुतेक सारे पहिली तीस-चाळीस पाने भराभर उलटतो. आपल्याला वादळ हवे असते, डोंगराएवढ्या लाटा हव्या असतात, एकाकी रात्री हव्या असतात. नौका कोठून घेतली, ती केवढ्याला पडली, तिच्यात कुजके काय काय निघाले, हा मजकूर लेखकाने उगाच घातला आहे असे वाटते. गेली काही वर्षे मी मात्र ही पुस्तके नेमकी उलट्या चालीने वाचू लागलो आहे. बंदर सोडण्यापूर्वीची पाने आधी आणि सावकाश वाचावीत. वादळे मग वाचावीत. कारण माझे मत असे झाले आहे की, सागरी पुस्तकाची खरी परीक्षा त्याच्या जमाखर्चाच्या पानावर होते. पैसे किती लागले, ते कोणाचे होते आणि घरी मागे कोण राहिले, एवढे ज्याने सरळ सांगितले त्याच्या वादळावर विश्वास ठेवावा. ज्याने ते झाकले त्याची लाट कितीही उंच असो, ती शाईचीच लाट.

घाटावरच्या शाळामास्तराने समुद्राच्या गोष्टी सांगाव्यात याचे कोणाला हसू येईल. पण जुनी वस्तू पारखून घेण्याची विद्या साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला कोणी शिकवायला नको. खरसुंडीच्या जत्रेत खिलारी बैल घेताना आपला शेतकरी दात मोजतो, खूर पाहतो, जनावर चालवून पाहतो आणि मग रुमालाखाली बोटे धरतो. दलालाच्या गोड बोलण्यावर तो जात नाही. सागरी पुस्तकांकडेही याच नजरेने पाहावे, एवढेच माझे म्हणणे. त्यासाठी मी तीन पुस्तके निवडली आहेत.

पहिले जोशुआ स्लोकम याचे. १९०० साली निघालेले हे इंग्रजी पुस्तक एकट्याने शिडाच्या नौकेतून केलेल्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेची हकीकत सांगते. स्लोकम हा जातिवंत दर्यावर्दी. पण वाफेच्या जहाजांनी शिडांचा धंदा बसवला आणि हा कप्तान बेकार झाला. १८९२ साली एका ओळखीच्या म्हाताऱ्या कप्तानाने त्याला एक नौका देऊ केली, फुकट. थोडी डागडुजी लागेल एवढेच. स्लोकम पाहायला गेला तो काय, ‘स्प्रे’ नावाची ती पुराणी नौका पाण्यापासून दूर, एका शेतात टेकू लावून, ताडपत्री पांघरून पडलेली! देणाऱ्याने थट्टाच केली होती. स्लोकमने ती थट्टा मनावर घेतली. जवळचेच ओकचे झाड तोडून त्याचा कणा केला, लाकूड वाफेवर वाकवून बरगड्या केल्या, एकेक कुजकी फळी काढून नवी बसवली. तेरा महिने गेले, साहित्याला ५५३ डॉलर आणि ६२ सेंट लागले. हे ६२ सेंट त्याने लिहून ठेवले आहेत, आणि माझ्या लेखी सारे पुस्तक त्या ६२ सेंटांवर उभे आहे. गावकरी येऊन विचारीत, यातून सुटणार काय? आपल्या गावच्या पारावर याहून निराळे काय विचारले असते?

याच पानांत स्लोकम एक गमतीचा प्रश्न घालतो. सारे लाकूड बदलल्यावर ‘स्प्रे’ ती जुनीच राहिली का? त्याचे उत्तर असे की, नौका एकेक फळीने बदलली तर ती तीच असते. पिढ्यान् पिढ्या वासे बदलत उभ्या असलेल्या वाड्यांत वाढलेल्या वाचकाला हे तत्त्वज्ञान चटकन पटेल.

२४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून निघालेला हा गृहस्थ २७ जून १८९८ रोजी परतला. सागरावर वेळ मोजायला त्याच्यापाशी काय होते? महागडे क्रोनॉमीटर नव्हे, तर पत्र्याचे एक घड्याळ. दुकानदार दीड डॉलर मागत होता, पण तबकडी फुटकी निघाली म्हणून एका डॉलरला सुटले. वाटेत सापडलेल्या चरबीच्या पिंपांतून चरबी काढून त्याने हुआन फर्नांडिस बेटावर गोड वडे तळले, ते बेटावरच्या लोकांना विकले आणि तळायला शिकवलेही! दिवाळीच्या दिवसांत हे पान घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावे.

एवढे कौतुक केल्यावर या पुस्तकाची कुजकी फळीही दाखवली पाहिजे. ती घराची. स्लोकमची पहिली पत्नी व्हर्जिनिया १८८४ मध्ये वारली होती. दुसरी, हेटी, हिने ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाज फुटल्यावर नवऱ्याने बांधलेल्या लहानशा नौकेतून, दोन मुलांसह, घरचा किनारा गाठला होता. एवढे सोसलेली ही बाई या पुस्तकात ओझरत्या उल्लेखापलीकडे दिसत नाही. तीन वर्षे ती कशी राहिली, चूल कशावर पेटली, याचा एक सेंटही जमाखर्चात नाही. लाकडाचा हिशेब चोख आणि संसाराचा कोरा! कादंबरी लिहिणाऱ्यांना हा दोष चांगला ठाऊक असतो, कारण लिहायला तेच पान सर्वांत जड जाते. पुढे त्याच ‘स्प्रे’मधून निघालेला स्लोकम परत आला नाही. ते कळल्यावर तर ही कोरी जागा अधिकच डोळ्यांत सलते.

दुसरे पुस्तक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याचे, १९६९ सालचे. याची नायिका आपल्या मुंबईची आहे. ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधली गेली आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात सोडली गेली. आपल्या सुतारांनी ती वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हत्यारांनी घडवली. घाट जुन्या पद्धतीचा, रुंद आणि जड. आफ्रिकेच्या किनाऱ्याने तिला इंग्लंडला नेताना पैसे संपले, तेव्हा मालकाला दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरी करावी लागली. १९६८ साली एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वी फिरण्याची शर्यत ठरली. नॉक्स-जॉन्स्टनला अशा प्रदक्षिणेसाठी नवी, वेगवान नौका हवी होती. म्हणून त्याने ‘सुहेली’ विकायला काढली. गिऱ्हाईक मिळाले नाही! नाइलाजाने तो तीच घेऊन १४ जून रोजी निघाला. वाटेत तळाच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले, तेव्हा पाण्याखाली बुड्या मारून त्याने त्यांवर कापडाची पट्टी ठोकली. पिण्याचे पाणी बिघडले, आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. नऊ जण निघाले होते. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, जो एकटाच पोहोचला तो या न विकल्या गेलेल्या सागवानी नौकेतून.

त्याच शर्यतीतल्या डोनाल्ड क्रोहर्स्टची हकीकत शेजारी ठेवल्याशिवाय या पुस्तकाचे मोल कळत नाही. त्याची नौका कोरी करकरीत, तीन तळांची, घाईत अर्धवट पुरी झालेली. करार असा की, त्याने मध्येच प्रवास सोडला तर नौकेची किंमत त्याच्या कंपनीच्या अंगावर यावी; म्हणजे राहते घरही गेलेच. नौका पुढे जाण्याच्या लायकीची नाही हे कळत होते, आणि परतायची सोय नव्हती. अटलांटिकमध्ये घोटाळत त्याने खोट्या ठिकाणांची नोंद केली, आणि १९६९ च्या जुलैत त्याची रिकामी नौका सापडली. घरी पत्नी आणि चार मुले. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड त्या कुटुंबाला दिले. एकाला जुन्या नौकेने परत आणले, दुसऱ्याला नवीच्या कर्जाने बुडवले. समुद्रावर माणूस लाटांनीच बुडतो असे नाही.

येथे वाचकाचा गैरसमज व्हायला नको. जुने आणि स्वस्त म्हणजे चांगलेच, असे मला म्हणायचे नाही. सांगलीच्या माणसाला तर ते सांगायलाच नको. आयर्विन पुलाशी पाणी किती फूट चढले, हा आकडा येथे घरोघर पाठ असतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली. तिच्यात पेलवतील त्याहून अधिक माणसे होती, आणि किनारा जवळ असूनही माणसे बुडाली. नाव काय पेलते हे आधी न पाहण्याची किंमत कोण देतो, हे आपण पाहिले आहे. म्हणूनच जाणता गिऱ्हाईक जुनी सागरी नौका घेताना बैलाचे दात मोजतो तशी ती मोजतो. मडके वाजवून घ्यावे तशी लहान हातोडीने तिची काया वाजवतो. आवाज बद्द आला तर आत थर सुटला आहे असे समजतो. फायबरग्लासवर आलेले फोड बघतो. वजनी कणा धरून ठेवणारे बोल्ट आणि डोलकाठीच्या तारा जेथे अडकतात त्या पट्ट्या पाहतो. तारा वरून चकचकीत दिसल्या तरी दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या असतील तर बदलायच्या असे धरून चालतो. आणि सारी पुंजी खरेदीत घालवीत नाही. दुरुस्तीसाठी मोठा वाटा मागे ठेवतो. नौकेची किंमत ही खर्चाची नुसती सुरुवात असते. मुलीचे लग्न केलेल्या बापाला हे वाक्य समजावून द्यावे लागणार नाही.

तिसऱ्या पुस्तकाकडे वळताना आपण आपल्या घरी येतो. भारतीयांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा झाली तीसुद्धा जुन्या नौकेतूनच. लष्कराच्या अभियंत्यांनी इंग्लंडातून जुनी ३७ फुटी नौका आणून तिला ‘तृष्णा’ नाव दिले. २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबई सोडून ते १० जानेवारी १९८७ रोजी परतले. पण एकट्या भारतीयाने, आणि तीही भारतात बांधलेल्या नौकेतून, प्रदक्षिणा करावी असा ध्यास घेतला होता तो सातारा जिल्ह्यातल्या एका माणसाने. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे १९७१ च्या युद्धात ‘कमोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान आणि वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला राहिले, आणि तेथेच नोव्हेंबर २०१८ मध्ये वारले. ज्या मुलखात माणसे पाण्याच्या टँकरची वाट बघतात तेथे बसून या गृहस्थांनी तीन महासागरांचे स्वप्न पाहिले! त्या स्वप्नाला नौदलातले कमांडर दिलीप दोंदे यांनी होकार दिला, आणि ‘द फर्स्ट इंडियन’ हे त्यांचे पुस्तक त्या होकाराची कहाणी आहे.

पुस्तकाचा बराच भाग नौका पाण्यात पडण्यापूर्वीचा आहे, आणि मला तोच सर्वांत रसाळ वाटला. होकार देताना पुढे काय वाढून ठेवले आहे याची दोंद्यांना कल्पना नव्हती, आणि हे ते खेळकरपणे सांगतात. नॉक्स-जॉन्स्टनपाशी उमेदवारी करायला ते इंग्लंडला गेले. नौका बांधायला गोव्यात दिवाडी बेटावरचे रत्नाकर दांडेकर पुढे आले. त्यांनीही अशी महासागरी नौका यापूर्वी बांधली नव्हती. डच आराखडा, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास, ५६ फूट लांबी. नाव मांडवीच्या मूळ नावावरून ‘म्हादेई’. १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन अशी चार बंदरे घेत दोंदे मे २०१० मध्ये परतले. दोन नवशिक्यांनी एकमेकांवर विश्वास टाकून केलेले हे काम वाचताना वादळांची आठवणही होत नाही.

तरी एक उणीव राहतेच, आणि ती लेखकाची म्हणता येणार नाही. येथे जमेची बाजू सरकारची आहे. स्लोकमचे पुस्तक मिटताना वाचकाला वाटते, ५५३ डॉलर म्हणजे मलाही जमेल. दोंद्यांचे मिटताना वाटते, धन्य तो माणूस! दोन्ही भावना चांगल्याच, पण पहिली दार उघडते आणि दुसरी आपल्याला दारात उभे करून नमस्कार करायला लावते. आमच्या भागातली मुले सैन्यात जाऊन पराक्रम करतात. परंतु साहस हे नोकरीतच, सरकारच्या खर्चानेच करायचे असते अशी समजूत त्यामुळे पक्की झाली आहे. आणि मराठीतली साहसाची जी पुस्तके माझ्या वाचनात आली, त्यांतल्या बहुतेकांत छाती किती इंचांनी फुगली ते असते, खिसा किती रुपयांनी रिकामा झाला ते नसते.

जुन्या नौका अजून निघतात. २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी जुन्या घाटाची ३६ फुटी नौका घेऊन उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. म्हणजे अनुभवाला तोटा नाही. तोटा आहे तो सरळ हिशेबाचा. उद्या एखादा मराठी तरुण किंवा तरुणी पगारातून पैसे साठवून अशी जुनी नौका घेईल आणि पुस्तक लिहील, तेव्हा त्यात वादळ थोडके असले तरी चालेल. नौका कितीला घेतली, फळी कोणती बदलली, आईने काय म्हटले आणि घरच्यांनी ते दिवस कसे काढले, हे मात्र त्यात यावे. स्लोकमने सोडलेले ते कोरे पान मराठीत भरले गेले, तर आपल्या वाङ्मयाने समुद्र ओलांडला असे मी समजेन.