तुकोबांची चिंता

चिंता करू नये असा उपदेश करणाऱ्यांत तुकोबांचे नाव अग्रभागी घालण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. दिनदर्शिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर त्यांचे जे चारदोन चरण आढळतात, ते बहुधा समाधानाचे असतात. त्यावरून तुकोबा म्हणजे आहे त्यात सुख मानून स्वस्थ बसलेले सत्पुरुष, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही रूढ झाली आहे. ही समजूत गाथेस अन्यायकारक आहेच. परंतु चिंतेने गांजलेल्या माणसास ती घातकही आहे, असे आम्हांस वाटते.

गाथेच्या प्रचलित प्रतींत साडेचार हजारांच्या वर अभंग आहेत. मन आवरत नाही, आयुष्य वाया चालले, देव दाद देत नाही, या तक्रारी त्यांत इतक्या वेळा येतात की एका बैठकीत वाचणारा थकून जावा. निश्चिंत पुरुषाच्या हातून असा ग्रंथ होणे नाही. शिवाय ही चिंता निराधारही नव्हती. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात व्यापार बुडाला, मान गेला आणि पत्नी अन्नावाचून मेली, हे तुकोबांनी स्वतःच एका अभंगात नमूद केले आहे.

तो अभंग आम्ही फार मोलाचा समजतो. कारण आपत्ती सांगून तो थांबत नाही, पुढे काय केले तेही सांगतो. भंगलेले देऊळ नीट करावेसे वाटले. संतांची वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. चिंता टाकून देण्याचा संकल्प यांत कोठेच नाही. हातास काम दिले, जिभेस पाठ दिला आणि आवाजास चार माणसांची सोबत दिली, एवढेच.

यांतील ध्रुपदाचे मर्म विशेष आहे. घोळत राहणे हा चिंतेचा धर्मच होय. तोच विचार फिरून फिरून येतो आणि निकालास कधी लागत नाही. ध्रुपदही फिरून येते. परंतु दर फेरीस मध्ये एक नवे कडवे होऊन जाते, आणि शेवटी 'तुका म्हणे' ही मुद्रा उमटली की अभंग पुरा होतो. भटकणाऱ्या मनास भटकू नको म्हणण्याऐवजी तुकोबांनी त्यास वाट आणि मुक्काम नेमून दिला. शिवाय त्या मुद्रेत कवी स्वतःचे नाव परक्यासारखे घेतो व आपल्याच दुःखाकडे हातभर अंतरावरून पाहतो. दिलीप चित्रे यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी अनुवादास 'सेज तुका' हेच नाव दिले, ते मार्मिक होय.

अलीकडील मानसशास्त्र याच दिशेने बोलते. अमुक विचार मनात आणू नका, असे बजावल्याने तोच विचार बळावतो, हे डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगांत दिसले. स्वतःस नावाने संबोधून विचार करणाऱ्यांस ताणाचा प्रसंग कमी जड जातो, असे एथन क्रॉस व त्यांचे सहकारी यांस २०१४ साली आढळले.

तथापि गाथेतून रोगमुक्तीचा इतिहास शोधू नये. तीतील अभंगांचा क्रम कालानुसार लागलेला नाही. शांतीचे अभंग आणि तळमळीचे अभंग शेजारी शेजारी नांदतात. आम्हांस हा दोष वाटत नाही. चिंता एकदा गेली म्हणजे कायमची गेली, असे खोटे आश्वासन हा ग्रंथ देत नाही.

आज देहूच्या एका अंगास पिंपरी-चिंचवड आणि दुसऱ्या अंगास चाकण येथील कारखाने उभे आहेत. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबा एकांतास बसत, तो तर चाकणच्या औद्योगिक वसाहतीस लागूनच आहे. तेथे कंत्राट संपत आलेला कामगार आणि घरकर्जाचे हप्ते मोजणारा अभियंता रात्री जागे असतात. त्यांस 'तुकोबांसारखे निश्चिंत राहा' असे सांगणे म्हणजे मूळ चिंतेवर शरमेचा भार चढविणे होय. ज्याची झोप, भूक व काम महिनोन् महिने बिघडले असेल, त्याने वैद्याकडे जावे हे उघडच आहे. गाथा हे काही औषध नव्हे. परंतु आपल्या गावाशेजारचा एक दिवाळे निघालेला वाणी आपल्याचसारखा तळमळला आणि त्याने ती तळमळ लपविली नाही, हे कळणे लहान दिलासा नव्हे. पाटीवरचे तुकोबा तो देऊ शकत नाहीत, गाथेतले देतात.