श्रमाचा हात आणि दुखरा हात

आमच्या मंडळाच्या एका मासिक बैठकीत ‘मराठी कवितेतील श्रम’ या विषयावर वाचन झाले. वाचणारे अभ्यासू होते आणि निवडही चोखंदळ होती. बहिणाबाई चौधरी होत्या, नारायण सुर्वे होते, समारोपाला विंदा करंदीकरांची ‘घेता’ होती. टाळ्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात मागच्या रांगेत बसलेल्या एक बाई आमच्याजवळ आल्या. मूळच्या निपाणीकडच्या. आईने आयुष्यभर विड्या वळल्या. त्या स्वतः बेळगावात ब्लाऊज शिवतात. म्हणाल्या, “काका, सगळं चांगलं झालं बघा. पण रात्री हात मरतोय, झाडला की परत जित्ता होतोय, ते कुठल्याच कवितेत नाही काय?”

आम्ही मनातल्या मनात कपाटातली पुस्तके चाळली. हात पुष्कळ सापडले. उगारलेले, राबणारे, घडवणारे, देणारे. रात्री मेलेला हात काही सापडेना. बाईंना आम्ही त्या वेळी काही तरी गुळमुळीत उत्तर दिले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराची भरपाई आहे, असे वाचकांनी समजावे.

बाई सांगत होत्या ती अवस्था वैद्यकाला चांगली परिचित आहे. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस लहान हाडे आणि त्यांवरून गेलेला एक जाड आडवा पट्टा यांच्यामध्ये अरुंद वाट असते. त्या वाटेने बोटे वाकवणाऱ्या नऊ स्नायुरज्जू आणि त्यांच्या सोबतीने एक मज्जातंतू तळहातात उतरतो. जागा मुळातच कमी. आत सूज आली की सर्वांत आधी दबतो तो मज्जातंतू. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळी मात्र शाबूत राहते, कारण तिचा तंतू या वाटेने येत नाही. झोपेत मनगट वाकलेले राहते, म्हणून त्रास रात्रीचा अधिक. माणूस दचकून उठतो आणि हात झाडतो. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, थायरॉइडचा विकार, संधिवात, गरोदरपण ही त्याची काही निमित्ते. जोर लावून एकच हालचाल पुनःपुन्हा करावी लागणारी आणि हाताला सतत कंप बसणारी कामे हे दुसरे मोठे निमित्त. दुर्लक्ष झाले तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा झिजतो, आणि सुई किंवा गुंडी बोटांतून निसटू लागते.

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ 1700 साली प्रसिद्ध केला. त्यात कणीक मळून हात सुजलेले भटारी आहेत आणि एकाच दिशेने सतत हात चालवून थकलेले लेखनिकही आहेत. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? आमचे म्हणणे एवढेच की, हा प्रश्न मराठी समीक्षेने साहित्यातल्या दुःखाला फारसा विचारलेला नाही. दुःख जातीचे आहे का, वर्गाचे आहे का, अस्तित्वाचे आहे का, हे आम्ही विचारले. ते उजव्या मनगटाचे आहे का, असे विचारणे आम्हांला साहित्यबाह्य वाटले.

सुर्व्यांवर येथे अन्याय होऊ नये. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962) आणि ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहांपुढे काम वेगळे होते. गिरणीतला माणूस तोवर कवितेत इतरांच्या दयेचा विषय म्हणून येत असे. त्याला स्वतःच्या तोंडाने, ताठ मानेने बोलते करणे ही त्या काळाची निकड होती. ताठ मानेच्या माणसाला ‘माझा हात दुखतो’ म्हणणे अवघड जाते. बहिणाबाईंच्या सर्वांत लोकप्रिय गाण्यात भाजलेला हात आहे खरा, पण तो संसाराची किंमत म्हणून येतो. ती चुकती झाली की गाणे पुढे सरकते. करंदीकरांच्या ‘घेता’त तर हात हे दातृत्वाचेच दुसरे नाव. तिन्ही ठिकाणी हात कशाची तरी खूण आहे. आणि खुणेला मुंग्या येत नाहीत.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी 1926 च्या आपल्या आजारपणावरील निबंधात तक्रार केली होती की, मोठ्या भावनांना इंग्रजीत शब्द आहेत, पण साध्या अंगदुखीपुढे भाषा अडखळते. इंग्रजीचे इंग्रजीने पाहावे. मराठीला ही सबब नाही. आमच्याकडे ठणका वेगळा, ठसठस वेगळी. कळ येते, सणक जाते, चमक भरते, उसण धरते. हात भरून येतो, अवघडतो, बधिर होतो, शिणतो. यांपैकी प्रत्येक शब्द कोणाच्या तरी कामातून घासून तयार झाला आहे. उसण म्हटले की वाकून ओझे उचलणारी पाठ डोळ्यांपुढे येते. साहित्याने या भांडारातून उचलले काय, तर ‘सल’ आणि ‘वेदना’. तेही हृदयासाठी! बाकीचे शब्द माजघरात आणि दवाखान्याच्या बाकावर राहिले.

आता आमच्या स्वतःच्या चुकीविषयी. ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ 2003 साली आले. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात. लेखिकेचे वडील शिक्षक होते, ते लवकर गेले, आणि आईने आयदाने विणून घर चालवले. आपले लेखन आणि आईचे विणणे यांत लेखिकेला नाते दिसते, ते तिने सांगितलेही आहे. आम्ही पुस्तक वाचले, भारावलो आणि एक परीक्षण लिहिले. त्याचा कच्चा खर्डा परवा सापडला. चार पानांच्या त्या मजकुरात ‘वीण’ हा शब्द आम्ही अकरा वेळा वापरला आहे: आठवणींची वीण, स्त्रीत्वाची वीण, निवेदनाची वीण. बांबूचे पाते धारदार असते, ते चिरून, तासून, ओढून घ्यावे लागते, विणताना अंगठ्याने दाबून धरावे लागते, आणि हे सारे जमिनीवर बसून, मान खाली घालून करावे लागते, याविषयी एक वाक्य नाही. लेखिकेने आईला दारात विणत बसलेली दाखवली, तर आम्ही तिला घाईघाईने उठवून रूपकात नेऊन बसवले.

ही घाई आमच्या एकट्याची नव्हती. त्या काळातील चर्चांतही रूपकाचाच बोलबाला होता. पण आम्हांला तरी ती शोभणारी नव्हती. लेखणी धरण्यापूर्वी काही वर्षे आम्ही एका छापखान्यात खिळेजुळारी होतो. डाव्या हातात स्टिक, तिच्यात जुळवलेली ओळ अंगठ्याने दाबून धरायची, उजव्या हाताने खणांतून खिळे वेचायचे. देवनागरीचे खण शेकडो, म्हणून हात सारखा फिरता. छपाई झाली की तेच खिळे परत आपापल्या खणांत टाकायचे. डाव्या अंगठ्याच्या बुडापासून कोपरापर्यंत एक तार रात्री झणझणत असे. मालकांना सांगितले तेव्हा ‘नवीन आहेस, सवय होईल’ असे उत्तर मिळाले. सवय झालीही, म्हणजे सांगणे बंद झाले. त्याच अंगठ्याखाली श्रमप्रतिष्ठेवरच्या किती कविता आम्ही ओळीओळीने दाबून धरल्या असतील! एकदाही मनात आले नाही की, यात आपला अंगठा नाही.

म्हणून आमचा आक्षेप लेखकांपेक्षा वाचणाऱ्यांवर अधिक आहे. जुन्या साहित्यात दुखरे शरीर नाही असे नाही; आम्ही ते वाचले नाही. जनाबाईंचे उदाहरण घ्यावे. विठ्ठल येऊन जनीसोबत दळू लागतो, या प्रसंगाचे भक्तिपर निरूपण कीर्तनांतून शेकडो वर्षे होत आहे, आणि ते योग्यच आहे. पण ज्या घरात दोघी बायका समोरासमोर बसून एकच खुंटा धरीत, त्या घरातील कोणालाही विचारावे. एकटीने दळणे आणि दुसरा हात लागणे यांत काय अंतर असते, हे खांद्याला ठाऊक असते. दासीने देवाकडे मागून घेतलेली गोष्ट मोक्षाच्या कितीतरी अलीकडची आहे: खुंट्यावर आणखी एक हात. या मागणीतील व्यावहारिक नेमकेपणा लक्षात घेतला तर भक्ती उणी होत नाही. उलट देव किती जवळचा होता, ते कळते.

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांचा अभ्यास नातेसंबंध, सासर-माहेर, देवदैवते अशा विषयवारीने पुष्कळ होतो. आईच्या दुधाचे बळ दळताना कामी येते, असे सांगणारी बाई मात्र आपल्या दंडाबद्दल बोलत असते, हे विषयवारीत हरवते. शिवाय ओवी ही दुखण्यावरची तोड होती. तिच्या लयीने जात्याची फेरी सम राहते, श्वास बांधला जातो, हिसका बसत नाही. आपल्याकडे छंदशास्त्र मात्रा मोजते. या मात्रा खांद्याने पाडल्या आहेत, हे त्यात कुठे नोंदवलेले आम्ही तरी वाचले नाही.

गद्यात डॉ. अनिल अवचट यांनी वेगळी वाट काढली. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रिया असोत की हमाल, कामाची रीत, मजुरीचा हिशेब आणि शरीराची झीज या तीन गोष्टी ते एकमेकींपासून तोडत नाहीत. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला हे सुचावे, यात नवल नाही. नवल हे की, त्या लेखनाला आम्ही ‘सामाजिक’ या खणात टाकले आणि ललित साहित्याची चर्चा त्याला वगळून चालू ठेवली.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे केसपेपर नव्हे. मान्य. मनगटाचे नुसते वर्णन लिहून कविता होणार नाही. पण त्या बाईंनी पुढे जे सांगितले त्यात कथेला लागणारे सारे आहे. त्यांच्या आईला डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला आणि हाताला विश्रांती द्यायला सांगितले होते. सल्ला बरोबर होता. पुष्कळांना त्याने आराम पडतो, न पडल्यास इंजेक्शन आणि शेवटी लहानशी शस्त्रक्रियाही असते. पण विड्यांची मजुरी हजारावर मिळते, तासावर नाही. विश्रांती म्हणजे कमी विड्या. मग घरात वाटणी झाली. पाने कातरण्याचे काम, ज्यात कात्रीचा जोर लागतो, थोरल्या मुलीकडे. दोरा बांधायचा धाकटीकडे. आई फक्त वळणार. हाताची पकड सैल झाल्याने विडी सैल होई, आणि सैल विडी छाटीत जाई. ती तूट कोणाच्या नावावर टाकायची, यावरून दोघी बहिणींत अबोला झाला. पट्टा आई बांधत असे, पण शेजारीण आली की काढून उशीखाली ठेवी. हात गेलेल्या बाईला काम कोण देणार? थोरलीची शाळा सुटली ती त्या कात्रीपायी. ती थोरली म्हणजे या बाईच.

त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताला आता तेच सुरू झाले आहे. करंगळी सोडून, हे त्यांनी आम्ही न विचारताच सांगितले. रात्री त्या पलंगाच्या कडेला झोपतात आणि हात खाली लोंबता सोडतात. लग्नसराईत ब्लाऊजांचा ढीग असतो तेव्हा अस्तर लावायचे काम जावेला देतात आणि पैसे अर्धे वाटून घेतात. दवाखान्यात दाखवले का, असे आम्ही विचारले. सराई संपली की जाते म्हणाल्या. आम्ही आमचा जुना अंगठा दाखवला. त्यांनी तो शिंपिणीच्या नजरेने उलटापालटा करून पाहिला आणि विचारले, “तुम्ही लिहिता ना काका? मग हे का नाही लिहिलं?”