पूर्वज्ञान आणि आत्मस्वातंत्र्य

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’ची खरी कसोटी कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांवरील दहाव्या प्रकरणात लागते. माणूस स्वतंत्र नसेल, तर कर्मयोगाचा उपदेशच व्यर्थ होय. मन व बुद्धी प्रकृतीची कार्ये, म्हणून कर्मबद्ध. स्वातंत्र्य आहे ते आत्म्याचे, हे टिळकांचे उत्तर कर्माच्या शृंखलेपुरते समर्थ आहे.

परंतु ईश्वराच्या पूर्वज्ञानाचा प्रश्न याहून निराळा. ईश्वर सर्व काळ एकाच वर्तमानात पाहतो, आणि पाहिल्याने कृती लादली जात नाही, हे सहाव्या शतकातील बोएथियसचे समाधान सातव्या अध्यायाला पुरते. तेथे भगवंत भूत-भविष्य केवळ जाणतात. अकराव्यात मात्र योद्धे आपण आधीच मारले आहेत, असे ते सांगतात. येथे निश्चित झाला आहे तो युद्धाचा परिणाम. निमित्त होण्यास अर्जुनाला सांगावेच लागते. अठराव्यात तर, प्रकृती तुला लढावयास लावील, असे बजावूनही अखेर पूर्ण विचार करून इच्छेस येईल ते करण्याची मोकळीक त्याला दिली जाते. ही मोकळीक लटकी मानली, तर सारा संवादच लटका ठरतो. गीता कोडे सोडवीत नाही. पण दोहोंपैकी एकही टोक हातचे सोडीत नाही.

सर्वज्ञाने शिष्याचा निर्णय शिष्याकडेच ठेवला. मग अल्पज्ञ शिक्षकाने ‘याच्या नशिबी विद्या नाही’ असा निकाल कोणत्या अधिकाराने द्यावा?

सयाजीगंज, बडोदे