‘आयनद्रायू’ या संज्ञेविषयी

मराठी विश्वकोशाने प्लाझ्मासाठी ‘आयनद्रायू’ ही संज्ञा योजिली आहे. द्रव आणि वायू या दोहोंना सामावून घेणारा ‘द्रायू’ हा शब्द घडविणाऱ्यांचे कौशल्य निःसंशय वाखाणण्याजोगे होय. परंतु परिभाषेची कसोटी शब्दाच्या सुबकपणावर लागत नाही. त्याच्या आधाराने विद्यार्थी पुढे काय गृहीत धरतो, हे पाहावे लागते. शिरूर किंवा दौंड येथून पदवी घेऊन येणाऱ्या, मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे चुंबकीय बंधनातील स्थैर्याचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा ही संज्ञा त्याला अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते, असे आमचे मत आहे.

ती अर्धी वाट मात्र ती उत्तम चालते. विद्युत्प्रवाह वाहणारा प्लाझ्मास्तंभ किंचित वाकला, की बाकाच्या आतील बाजूस क्षेत्ररेषा दाटतात, तेथील चुंबकीय दाब वाढतो आणि बाक अधिकच बळावतो. स्तंभाच्या दिशेने प्रबळ क्षेत्र लावल्यास त्यास आळा बसतो. टोकामाकसारख्या कंकणाकृती यंत्रात क्षेत्ररेषेने लहान परिघाभोवती एक वेढा पुरा करीपर्यंत मोठ्या परिघाच्या एकाहून अधिक फेऱ्या केल्या पाहिजेत, ही क्रुस्काल व शाफ्रानोव्ह यांची मर्यादा. बर्नस्टाइन, फ्रीमन, क्रुस्काल व कुल्सरुड यांनी १९५८ साली मांडलेले ऊर्जातत्त्वही द्रायूच्याच चित्रावर उभे आहे.

तथापि सामान्य द्रायूत कणांच्या टकरी वारंवार होतात. संमीलनास योग्य अशा सुमारे १० कोटी अंश तापमानाच्या विरळ प्लाझ्मात इलेक्ट्रॉनाची दिशा पुरती पालटण्यापूर्वी तो सरासरीने सुमारे १० किलोमीटर जातो. शिरूरहून सरळ रेषेत दौंडास निघालेल्या इलेक्ट्रॉनाची दिशा वाटेत अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा पालटेल. आणि मोठ्यातल्या मोठ्या यंत्राचा परीघ तर काही दशक मीटरांचाच! मग द्रायूचे गणित चालते कसे? क्षेत्राला आडव्या दिशेने कण लहानशा वर्तुळात जखडलेले असतात. टकरींचे काम तेथे क्षेत्रच करते. क्षेत्राच्या दिशेने असा आधार नाही. लांदाऊ यांनी १९४६ साली दाखविले, की तरंगाच्या वेगाशी वेग जुळणाऱ्या कणांमुळे टकरींवाचूनही तरंग क्षीण होतो. उलट परिस्थितीत तो वाढतोही. संमीलनातून जन्मणारी वेगवान हेलियम-केंद्रके आल्फव्हेन-तरंगांना चेतवितात, ती याच मार्गाने. केवळ घनता, सरासरी वेग व दाब जाणणाऱ्या द्रायूस ही अस्थिरता दिसतच नाही.

दुसरा आक्षेप लहान आहे. टोकामाकातील प्रवाह मुख्यतः इलेक्ट्रॉन वाहतात. संज्ञेत नाव आहे ते आयनाचे.

हा शब्दच्छल नव्हे. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हा येथे दोन दशकांत संमीलन-ऊर्जा नियंत्रणात येईल, असे भाकीत केले होते; ते लांबण्याच्या कारणांत अस्थिरतेचा वाटा मोठा आहे. गांधीनगरजवळ १९८९ साली कार्यान्वित झालेल्या ‘आदित्य’ टोकामाकासारख्या यंत्रावर काम करू इच्छिणाऱ्याला दोन्ही चित्रे हवीत. लँगम्यूर यांनी १९२८ साली रूढ केलेला ‘प्लाझ्मा’ हा शब्द कोणत्याच प्रतिमानाची बाजू घेत नाही. तोच पदार्थाचे नाव म्हणून ठेवावा. ‘आयनद्रायू’ची योजना चुंबकद्रायुयामिकीच्या प्रकरणापुरती करावी, आणि व्लासोव्ह-समीकरणाचे प्रकरण सुरू होताच ती थांबवावी.