कोरडी वाळू म्हणजे जमीन नव्हे

खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना एक प्रयोग हमखास केला जातो. एका भांड्यात वाळू, दुसऱ्यात पाणी घ्यायचे, दोन्हींत तापमापी ठेवून भांडी उन्हात ठेवायची. अर्ध्या तासाने वाळूचे तापमान जास्त भरते. मग फळ्यावर निष्कर्ष लिहिला जातो : पाण्याचा विशिष्ट उष्मा जास्त, म्हणून पाणी उशिरा तापते व जमीन लवकर. प्रयोग सोपा आहे, बिनखर्ची आहे आणि तो बहुधा 'यशस्वी' होतो. आमची तक्रार आहे ती या यशाबद्दलच.

एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात आम्ही हा प्रयोग पाहत होतो. पावसाचे दिवस होते. एका गटाला मिळालेली वाळू ओली होती. अर्ध्या तासाने त्यांच्या वाळूत आणि पाण्यात जेमतेम एका अंशाचा फरक आढळला. "आमचा प्रयोग चुकला," असे म्हणून त्यांनी नोंद खोडली आणि कोरडी वाळू मागवली. आमच्या मते चुकले काहीच नव्हते. त्या दिवशीचे सर्वांत मोलाचे निरीक्षण तेवढे केराच्या टोपलीत गेले.

थोडा हिशेब करू. १ किलोग्रॅम पाणी १° से. ने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, तेवढ्याच कोरड्या वाळूला सुमारे ०.८. म्हणजे पाचपट फरक. पण ऊन वजनावर पडत नाही, पृष्ठभागावर पडते. म्हणून तुलना समान आकारमानांची हवी. १ लिटर कोरड्या वाळूचे वजन सुमारे १.६ किलोग्रॅम असते. तिला १° से. साठी सुमारे १.३ किलोज्यूल लागतात. फरक तिपटीवर आला. आता या वाळूतील पोकळ्या पाण्याने भरू. सुमारे ०.४ लिटर पाणी मावते आणि आकडा ३ किलोज्यूलपर्यंत जातो. ओली जमीन उष्णता साठवण्याच्या बाबतीत कोरड्या वाळूपेक्षा पाण्याच्याच जवळ आहे!

शिवाय ओली माती सुकत असते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता खर्च होते. तेवढ्या उष्णतेत १ किलोग्रॅम कोरडी वाळू ३° से. ने तापली असती. ओली माती कोरडीपेक्षा काळपट दिसते, म्हणजे ती ऊन अधिक शोषते. तरीही ती थंड राहते, याचे एक मोठे कारण हे बाष्पीभवन आहे. विशिष्ट उष्म्याच्या एका वाक्यात या गोष्टीला जागाच नाही.

तिसरा प्रश्न तापमापी किती खोल खुपसली, हा. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात आणि मधली हवा उष्णतेची मंद वाहक असते. पाणी शिरले की कणांमध्ये जणू पूल बांधले जातात. पूर्ण भिजलेल्या वाळूची उष्णतावाहकता कोरडीच्या सुमारे सातपट असते. कोरड्या वाळूत दिवसाची तापमानाची लाट सुमारे ८ सेंमी खोलीवर जवळजवळ एक-तृतीयांश उरते, आणि तेथील कमाल तापमान पृष्ठभागानंतर पावणेचार तासांनी येते. एखाद्या मुलीने तापमापी भांड्याच्या तळाशी टेकवली, तर तिला 'वाळू उशिरा तापते' असे दिसेल, आणि तिचे म्हणणे खरे असेल.

समुद्राचे कारणही अर्धवटच सांगितले जाते. समुद्रात सूर्यप्रकाश कित्येक मीटर आत जातो आणि लाटा पाणी घुसळतात, म्हणून उष्णता मोठ्या थरात वाटली जाते. भांड्यातल्या दहा सेंमी पाण्यात यांपैकी काहीच दिसत नाही.

मग हा प्रयोग टाकून द्यावा काय? मुळीच नाही. दोन भांड्यांऐवजी तीन घ्यावीत : कोरडी माती, ओली माती आणि पाणी. आकारमान समान ठेवावे. प्रत्येक भांड्यात १ सेंमी आणि ८ सेंमी खोलीवर तापमान मोजावे. मातीचा ओलावाही मोजावा. ओली माती तोलावी, १०५° से. ला वजन स्थिर होईपर्यंत सुकवावी आणि पुन्हा तोलावी. घटलेल्या वजनाला कोरड्या मातीच्या वजनाने भागावे. १०० ग्रॅमची ८० ग्रॅम झाली, तर ओलावा २० नव्हे, २५ टक्के. भट्टी नसेल तर उन्हात व नंतर मंद तव्यावर सुकवावी. अचूकता कमी होईल, ती नोंदवहीत लिहावी.

रंगाचा प्रयोगही जोडता येईल. पुण्यात १९३२ साली भारतीय हवामान खात्याचा कृषी-हवामान विभाग सुरू झाला. तेथे एल. ए. रामदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरून तिचे तापमान उतरते, हे दाखवले होते. त्यासाठी लागते काय? चिमूटभर चुन्याची भुकटी आणि तापमापी.

शेतकऱ्याच्या मुलाला मेमधली आणि जुलैमधली जमीन पायाला वेगळी लागते, हे ठाऊक असते. विज्ञानाच्या तासाला त्याने हे विसरून 'जमीन लवकर तापते' एवढेच पाठ करावे, असे आपल्याला हवे आहे का? उत्तराशी न जुळणारी नोंद खोडायला शिकवणारा प्रयोग विज्ञान शिकवत नाही. पुढच्या वेळी कुणाची वाळू ओली निघाली, तर कृपया ती बदलू नका. वर्गाला विचारा, असे का झाले?