दत्तक बालक आणि परदेशी कथा

दत्तक बालकास कोणत्या कथा सांगाव्यात, हा प्रश्न लातूर-नांदेडकडील सुशिक्षित कुटुंबांपुढेही आहे. घाना देशातील अकान लोकांची अनान्सी या जाळे विणणाऱ्या कोळ्याची कथा आम्हांस याकामी मोलाची वाटते. आकाशदेव न्यामे याच्या कठीण अटी पुऱ्या करून तो सर्व कथांचा धनी होतो, जन्माने नव्हे. मात्र कोळ्याचा कोल्हा आणि घानाचे गोदातीर करून ती सांगणे आम्हांस नापसंत आहे. जेथे कथेचे कूळ लपविले जाते, तेथे बालक आपले कूळ कसे विचारील? उद्योगपर्वातील कर्ण जन्मरहस्य कळल्यावरही राधेचे वात्सल्य स्मरून कृष्णास नकार देतो. सत्याने माया तुटत नाही; मौनाने मात्र संशय वाढतो. परकी कथा नावागावासह सांगावी. ती तरीही आपलीच होते.